भाऊबीजेची बाटली

आजारी माणसाच्या देखत औषधाची किंमत विचारू नये, असं माझं ठाम मत आहे. किंमत विचारली की औषधातलं औषधपण जातं आणि आजारी माणसाला आपण उगाच महाग झालो असं वाटायला लागतं.

"केवढ्याला पडतं?" मी डॉ. मगदूमांना विचारलं. आक्का माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती.

"एक इंजेक्शन चौदाशेला," डॉक्टर म्हणाले. "आठवड्यातून दोन."

"दोन?"

"दोन. किडनी बसेपर्यंत."

ही गोष्ट मिरजेतली, वीसेक वर्षांपूर्वीची. मिरजेत माणूस आजारी पडला की त्याला कुठे न्यायचं हा प्रश्न पडत नाही, कुठे कुठे न्यायचं नाही एवढंच ठरवावं लागतं. आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, लग्नानंतर दीड वर्षात सासरहून परत आली होती. का आली ते तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. गावातल्या अर्ध्या बायकांना तिनं शिवण शिकवलं आणि त्या पैशांत मला एम. कॉम. केलं. मी कॉलेजात परिव्यय लेखाकर्म शिकवत होतो. वस्तूची खरी किंमत कशी काढायची याचं ते शास्त्र आहे. शिवाय सांगलीच्या एका दैनिकात दर रविवारी विनोदी सदर लिहीत होतो.

आक्काच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला होता. आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. रक्त सारखं कमी होत होतं, ओठ पांढरे पडले होते.

"किडनी फक्त लघवी करते असं लोकांना वाटतं," डॉक्टर समजावत होते. "पण हाडांना 'रक्त तयार करा' असा निरोपही तीच पाठवते. बाईंच्या किडन्यांनी निरोप पाठवणं बंद केलंय. हे इंजेक्शन म्हणजे तो निरोप."

"निरोपाचे चौदाशे?" मी म्हणालो.

"तारेनं पाठवत असतील," आक्का म्हणाली.

डॉक्टर हसले. मग बराच वेळ बोलत राहिले. इंजेक्शन का चुकवायचं नाही, चुकलं तर काय करायचं नाही, असं काहीतरी होतं. मी चौदाशे गुणिले दोन गुणिले चार करत होतो. महिन्यात चारपेक्षा जास्त आठवडे असतात हे लक्षात आल्यावर मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आक्का वर्गातल्या हुशार मुलीसारखी मान हलवत ऐकत होती.

किडनी माझी बसणार होती. ही घोषणा मी स्वतःच केली होती, मावशीच्या पंचाहत्तरीला, जिलेबीच्या पंगतीत. कुणीतरी "आता इंदूचं कसं व्हायचं" असं म्हणालं आणि मी उभा राहिलो. मला उभं राहून बोलायची सवय आहे. "आक्काला किडनी मी देणार," मी म्हणालो. टाळ्या झाल्या. मावशी रडली. टाळ्या थांबल्यावर मला घाम फुटला.

परत येताना स्कूटरवर मागे बसलेली माझी बायको, वृंदा, म्हणाली, "मला आधी सांगायचं होतंत."

"तू नको म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले. पण सांगायचं होतंत."

रक्तगट जुळला. तो जुळणार नाही अशी मला थोडी आशा होती. डॉक्टर म्हणाले, दिवाळी झाली की दोघांचं रक्त पुण्याला पाठवू, ते एकमेकांशी भांडतं का बघायला. नाही भांडलं तर बाकीच्या सगळ्या तपासण्या तिकडेच होतील आणि लगेच ऑपरेशन. तोवर इंजेक्शन चालू ठेवायचं.

त्या दिवसांत मी पाणी फार प्यायला लागलो. डावी द्यायची की उजवी हे ठरलं नव्हतं, म्हणून मी दोघींशी सारख्याच प्रेमानं वागत होतो.

पहिलं इंजेक्शन मी शेट्यांच्या दुकानातून घेतलं. शेट्यांनी फ्रीजमधून छोटा खोका काढला, बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ठेवला आणि म्हणाले, "सर, तुमच्यासाठी नऊशे."

मी खोका पुन्हा बाहेर काढून बघितला. "इथं चौदाशे छापलंय."

"छापलंय की."

"मग ते कुणासाठी?"

"जे विचारत नाहीत त्यांच्यासाठी."

"पण मी कुठं विचारलं?"

"तुम्ही विचारणारच होता, सर. तोंडावर दिसतंय."

शेट्यांनी मला विश्वासात घेऊन सांगितलं की त्यांना ते सातशेच्या आत पडतं, मोठ्या हॉस्पिटलला त्याहून कमी आणि छापील आकडा हा कुणीतरी मुंबईत बसून, दारं लावून ठरवलेला असतो. मी थक्क झालो. आयुष्यभर मी पोरांना किंमत कशी काढायची ते शिकवत होतो आणि इथे एकाच खोक्याला चार किमती होत्या. खरी कुठली ते विकणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी त्यावर लेख लिहिला. नाव कुणाचं घेतलं नाही, फक्त 'आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेले एक सज्जन औषधविक्रेते' असं लिहिलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधाचं एकच दुकान आहे. लेख फार गाजला. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवला. दोन वाचकांनी पत्रात मला समाजाचा डॉक्टर म्हटलं.

मंगळवारी दुकानात गेलो तर शेट्यांनी खोका काउंटरवर ठेवला. "चौदाशे."

"अहो, नऊशे ना?"

"आता छापून आलंय, सर. तालुक्याच्या संघटनेचा फोन आला. तुम्हाला कमीनं दिलं की बाकीच्यांनाही द्यावं लागतंय. तुम्हीच लिहिलंय तसं."

"दुसरीकडून घेतो मग."

"घ्या की. सगळ्यांनी वाचलाय लेख. चांगला झालाय." शेट्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. "हसलो आम्ही."

मी आणखी तीन दुकानं फिरलो. सगळ्यांनी लेखाचं कौतुक केलं आणि सगळ्यांनी चौदाशे सांगितले. त्या लेखाचं मानधन मला दीडशे रुपये मिळालं होतं.

घरी येऊन मी आक्काला म्हणालो, "डॉक्टर जरा जास्तच सांगतात बघ. औषध कंपन्या त्यांच्या मागं असतात. आठवड्याला एक घेऊन बघायचं का?"

आक्का मशीनवर कुणाचा तरी ब्लाऊज शिवत होती. तिनं पायडल थांबवलं. "एक?"

"नुसतं बघायचं. रक्त तपासूच की महिन्यानं."

"बघू," ती म्हणाली आणि पुन्हा शिवायला लागली. त्या आठवड्यापासून मी एकच इंजेक्शन आणायला लागलो. इंजेक्शन ती स्वतःच घ्यायची, मांडीत. सुई मी आयुष्यभर कापडात घातली, आता माझ्यात घालते, एवढाच फरक, असं म्हणायची.

वसुबारसेला आक्का डायलिसिसच्या खोलीपर्यंतचा जिना चढताना मध्येच बसली. छातीत धाप मावत नव्हती. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहाच्याही खाली गेलं होतं. डॉ. मगदूम दिवाळीसाठी गावी गेले होते. त्यांचा तरुण सहाय्यक तेवढा होता. त्यानं कागद बघितला, आक्काच्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि मला विचारलं, "इंजेक्शन चालू आहे ना?"

"चालू आहे."

"मग इतकं कसं उतरलं?" त्यानं स्वतःशीच मान हलवली. "आता इंजेक्शन वाढवलं तरी असर दिसायला आठवडे जातील. रक्त चढवायला लागेल. किडनी बसवायचं वगैरे काही ठरलंय का यांचं?"

खोलीत डायलिसिसचं मशीन चालू होतं. त्याचा आवाज बऱ्यापैकी मोठा असतो.

"तसं नक्की काही नाही," मी म्हणालो. "अजून तपासण्या व्हायच्यात."

"नाही, ठरलं असेल तर मी सरांना एक फोन करून विचारतो."

"दिवाळीत कशाला त्यांना त्रास?"

त्यानं आक्काकडे बघितलं. आक्का डोळे मिटून पडली होती. "ठीक आहे," तो म्हणाला आणि रक्ताची चिठ्ठी लिहिली.

रक्त मिळवणं मला मुळीच अवघड नव्हतं. आमच्या भागात कुणाही पुढाऱ्याचा वाढदिवस रक्तदान शिबिराशिवाय होत नाही. त्या शिबिरांची थट्टा करणारे माझे दोन लेख होते. त्यामुळे सगळे संयोजक मला चांगले ओळखत. एकानं तर 'सर, लेखात माझं नाव घाला' म्हणून रक्तदात्यांची कार्डं घरी आणून दिली होती. कार्ड दाखवलं की बाटली जवळजवळ फुकट. धनत्रयोदशीला एक बाटली गेली, पाडव्याला दुसरी. आक्काच्या ओठांना रंग आला. तिनं स्वतः उठून चिवड्याला फोडणी दिली.

मी हिशेब केला. जे काम हजारो रुपयांच्या इंजेक्शनांनी होत नव्हतं, ते दोन कार्डांनी झालं होतं. वर्गात याला आम्ही पर्यायी सामग्री म्हणतो.

"उद्या भाऊबीज," मी आक्काला म्हणालो. "डायलिसिस पण उद्याच आहे. मगदूमांचा तो पोरगा म्हणत होता अजून एक बाटली दिली तर बरं. मी काय म्हणतो, ओवाळणीत माझंच रक्त देतो तुला."

वृंदा करंज्यांचा डबा घेऊन उभी होती. "अय्या, किती छान," ती म्हणाली.

आक्का माझ्याकडे बघत राहिली. एखाद्या गिऱ्हाईक बाईनं आणलेलं कापड पुरेल का, हे ती ज्या नजरेनं बघायची त्या नजरेनं.

"तुझंच?"

"माझंच. बाबर ओळखीचा आहे रक्तपेढीतला. सहसा असं देत नाहीत, पण आपल्याला देईल."

"खरंच देतोस?"

"रक्ताचं काय एवढं, आक्का?"

"तसं नाही. नीट विचार करून सांग. देतोस?"

"देतो म्हटलं ना."

"मग दे," आक्का म्हणाली आणि वृंदाच्या हातातून करंजी घेतली. तिला करंजी वर्ज्य होती.

बाबरनं सकाळीच माझं रक्त काढलं. "सर, हे तुमच्या लेखात येऊ दे," तो म्हणाला. मी त्यानंतर मिळालेला चहा प्यायलो, ग्लुकोजची बिस्किटं खाल्ली आणि स्वतःबद्दल माझं फार चांगलं मत झालं. दुपारी डायलिसिसच्या खोलीत आक्काच्या उशाशी माझी बाटली लटकली. वृंदानं घरून ताम्हन आणलं होतं, पण सिस्टर धावत आल्या. "अहो, ऑक्सिजन आहे इथं! दिवा नाही लावायचा." मग आक्कानं पडल्या पडल्याच न लावलेल्या निरंजनानं मला ओवाळलं. आमच्या दैनिकाच्या छायाचित्रकाराला मी कळवलं नव्हतं. मी फक्त संपादकांना कळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी पान तीनवर फोटो आला. 'बहिणीला रक्ताची ओवाळणी.' फोटोत मी हसतो आहे आणि आक्का बाटलीकडे बघते आहे.

दिवाळीनंतर मगदूम आले. आमचं दोघांचं रक्त पुण्याला गेलं आणि पंधरवड्यानं त्यांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्या टेबलावर पुण्याचा कागद होता आणि पान तीनचा फोटोही होता. कुणीतरी कौतुकानं कापून आणून दिला असावा.

"जुळलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे?"

"यांच्या रक्तात तुमच्याविरुद्ध फौज तयार झालीय. तुमची किडनी आत बसवली तर टेबलावरच काळी पडेल. आता ही किडनी घेता येणार नाही."

"अहो, पण सख्खा भाऊ आहे मी."

"सख्खा आहात म्हणून तर एवढी आशा होती." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं की अंग ते ओळखायला शिकतं आणि त्याच्याशी भांडायला शिकतं. तीन बाटल्या चढवल्यात, त्यात एक खुद्द तुमची. ज्याची किडनी घ्यायची त्याचंच रक्त! अहो, तेवढ्यासाठी तर ते महागडं इंजेक्शन घ्यायचं असतं. नुसतं रक्त वाढवायला नाही, बाहेरचं रक्त घ्यायची वेळच येऊ नये म्हणून. त्या चौदाशेत काय काय येतं ते मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

मी फोटोतल्या बाटलीकडे बघितलं.

"आणि आमच्या पोरानं तुम्हाला विचारलं नाही, किडनीचं ठरलंय का म्हणून?"

"विचारलं," आक्का म्हणाली. "मीच म्हणाले त्याला, काही नक्की नाही म्हणून."

मी मान खाली घातली. चेहऱ्यावरची सुटका दिसू नये म्हणून ती घातली होती, असं वृंदा नंतर म्हणाली. वृंदा तिथे नव्हती.

माझ्या पुढच्या तपासण्यांची गरज उरली नाही. घरी आल्यावर मी आक्काच्या खोलीत गेलो. ती खडूनं कापडावर खुणा करत होती.

"आक्का, तू कशाला आपल्यावर घेतलंस?"

"मग काय, तुझा वर्ग घेऊ देत होते त्यांना?"

"मला कळलंच नाही गं. डॉक्टरांनी सांगितलं असेल, पण माझं लक्ष नव्हतं. कळलं असतं तर मी—"

"तू गुणाकार करत होतास." तिनं खडू कानामागे खोचला. "तुझे ओठ हलतात, पदू, लहानपणापासून. मी ऐकत होते."

"काय ऐकत होतीस?"

"सगळं. बाहेरचं रक्त घेऊ नका, आणि भावाचं तर मुळीच नको. दोनदा म्हणाले."

बसायला तिथे फक्त शिवायला आलेल्या कपड्यांचा ढीग होता.

"मग भाऊबीजेला बाटली घेतलीस कशाला?"

"तुला विचारलं की मी. दोनदा विचारलं."

"आक्का, मला खरंच माहीत नव्हतं!"

"नसेल." तिनं कात्री उचलली. "पण त्या पोरानं विचारलं तेव्हा तरी माहीत होतं ना, किडनीचं ठरलंय ते? मी डोळे मिटले होते, कान नव्हते मिटले." कात्री कापडातून सरळ पुढे गेली. "मावशीच्या पंगतीपासून बघते आहे. माझ्यासमोर आलास की तुझा हात पोटावर जातो. गर्दीत बाई गळ्यातलं धरून चालते, तसा. मागायला माझी जीभ रेटत नव्हती आणि नाही म्हणायला तुझी. बाटलीनं दोघांचं काम केलं."

"मी दिली असती," मी म्हणालो.

"दिली असतीस," आक्का म्हणाली. "रडत दिली असतीस. मग ती माझ्या पोटात बसून रोज रडली असती. त्यापेक्षा मशीन बरं. ते माझं कुणी लागत नाही."

बाहेरून वृंदानं जेवायला हाक मारली.

"हे तिला सांगू नकोस," आक्का म्हणाली. "कुणालाच नको. फोटो छापून आलाय."

त्यानंतर आठवड्याला दोन इंजेक्शनं चालू झाली. शेट्यांनी एकदा आपणहून म्हटलं, "सर, जाऊ दे आता, नऊशेच द्या." मी चौदाशे दिले. ते बुचकळ्यात पडले. पुढे बाजारात दुसऱ्या कंपन्या आल्या, किंमत उतरत गेली, पण मी छापील किंमतच देत राहिलो. यानं आक्काला काहीच फायदा होत नव्हता. शेट्यांनी दुकानाला नवीन फरशी बसवली.

आक्का आणखी पाच वर्षं जगली. दर भाऊबीजेला तिनं मला ओवाळलं, निरंजन लावून. मी तिला साड्या दिल्या. ती गेल्यावर दिवसकार्याला जमलेल्या लोकांना मावशीनं सांगितलं, की ह्यानं बहिणीला आपलं रक्त दिलं हो, किडनी द्यायलाही निघाला होता, नशिबानं जुळली नाही. लोक माझ्याकडे बघत होते. मला उभं राहून बोलायची सवय आहे, पण मी बसून राहिलो. वृंदाला मी अजून सांगितलेलं नाही. सदरातही कधी लिहिलं नाही. आक्काच्या वाट्याची किडनी मी अंगात घेऊन हिंडतो आहे, असं मला वाटत आलं. जेवताना वाटायचं, जिना चढताना वाटायचं, कुणी 'तब्येत छान राखलीत' म्हणालं की फारच वाटायचं.

गेल्या वर्षी माझ्या पोटात दुखायला लागलं. गॅसच असणार, पण वृंदा ऐकेना, म्हणून सोनोग्राफीला गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला गार जेली लावली, यंत्र उजवीकडे फिरवलं, मग डावीकडे, मग पुन्हा डावीकडे.

"काका, ऑपरेशन कधी झालं?"

"कसलं ऑपरेशन?"

"डावी किडनी काढलीय ना तुमची?"

"नाही. द्यायची होती एकदा, पण राहून गेलं."

त्यांनी मला कुशीवर वळायला सांगितलं. पाठीवरून यंत्र फिरवलं. जखमेची खूण शोधली.

"मग ती नव्हतीच," त्या म्हणाल्या. "जन्मापासून एकच असते काहींना. त्रास काही नसतो, त्यामुळे कळतही नाही. कुणाला द्यायला निघाला असतात तर पहिल्याच सोनोग्राफीत परत पाठवलं असतं."

त्यांनी पोट पुसायला कागद दिला. रिपोर्ट संध्याकाळी मिळाला. त्यात लिहिलं आहे: उजवी किडनी नेहमीपेक्षा थोडी मोठी, काम उत्तम. डावी किडनी नाही.